कोर्लई क्रिओल
रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्लई (ता. मुरूड) येथील कॅथलिक ख्रिस्ती समाजाची, पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली भाषा. भाषक हिला ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. त्यांची संख्या सु. एक हजार.

पोर्तुगीजांनी 1521 मध्ये चौल येथे किल्ला बांधावयास घेतला. 1740 च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले व येथील समाजाचा पोर्तुगीज भाषेशी संबंध क्षीण झाला. दमण व दीव येथे मात्र पोर्तुगीज सत्ता 1961 पर्यंत टिकल्याने तेथील क्रिओल बोली प्रमाण पोर्तुगीजला अधिक जवळच्या राहिल्या.

कोर्लईचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज, तर वाक्यरचना मराठी वळणाची आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सामान्यतः कर्मापूर्वी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. कर्त्याच्या पुरुष-वचनानुसार होणारे क्रियापदाचे विकार लोपले असून नामांचा लिंगभेदही उरलेला नाही. ‘पेद्रूचे घर’ यासाठी पोर्तुगीजमध्ये ‘घर’ हा शब्द आधी येतो. कोर्लईत ‘पेद्रु सु काद्ज’ असा मराठीसारखाच क्रम असतो. पोर्तुगीज धातूंच्या तीन गणांखेरीज मराठीतून आलेल्या धातूंसाठी उकारान्त असा चौथा गण निर्माण झाला आहे. त्यामुळे लिस्बनची पोर्तुगीज शिकलेल्यास शब्द ओळखीचे वाटले, तरी वाक्याचा अर्थ सहज उलगडत नाही.

ही भाषा मुख्यतः मौखिक आहे. शिक्षण व चर्चमधील उपासना यांत मराठी रूढ झाल्याने तिचा वापर घर व शेजार यांपुरता राहिला असून, पुढील पिढीच्या मुलांशी ती घरी बोलली जाते की नाही यावरच तिचे अस्तित्व अवलंबून आहे.