ब्रसेल्सच्या टेबलावर वराड आणि मडगाव

आमच्या मरोळला दिवसभर दोन आवाज चालू असतात. डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे आणि तळमजल्यावरच्या काकूंचे. काकूंचं माहेर मालवण तालुक्यातलं. लग्न होऊन मुंबईला आल्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण आनंद झाला की त्यांची मराठी थेट मालवणी होते. २०१७ च्या जूनमधली गोष्ट. हातात पेपर घेऊन जिन्यातूनच ओरडत आल्या, ‘‘गो, वाचलंस काय? आमच्या वराडचो झील थंयसर पंतप्रधान झालो!’’

वराड त्यांच्या माहेरापासून दोन-तीन गावं सोडून. पण त्या दिवशी ते गाव, तो मुलगा आणि तो सगळा आयर्लंड देश काकूंच्या मालकीचा झाला होता. लिओ वराडकर. वडील मुंबईहून इंग्लंडला गेलेले डॉक्टर, आई आयरिश. वय अडतीस. १४ जून २०१७ ला तो आयर्लंडचा पंतप्रधान झाला. तिथे या पदाला ‘टीशक’ म्हणतात.

संध्याकाळी ही बातमी घेऊन आम्ही दोघी चर्चच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या आंटींकडे गेलो. आंटी मूळच्या गोव्याच्या, मडगावजवळच्या. त्यांनी शांतपणे चहा टाकला आणि म्हणाल्या, ‘‘कितें सांगतां बाय, आमचो बाबुश तुमच्याआदींच जालो!’’

बाबुश म्हणजे अंतोनियो कोस्टा. कोकणीत बाबुश म्हणजे लहान मुलगा. घरातलं लाडाचं नाव. पोर्तुगालचा पंतप्रधान झाला तो नोव्हेंबर २०१५ मध्ये. त्याचं वडिलोपार्जित घर मडगावात. जानेवारी २०१७ मध्ये तो बंगळुरूच्या प्रवासी भारतीय दिवसाला प्रमुख पाहुणा म्हणून आला, आपल्या पंतप्रधानांच्या हस्ते परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड घेतलं आणि मग गोव्यात जाऊन ते घर बघून आला. काकूंचा चेहरा जरा उतरला. पण मग दोघींनी मिळून हिशेब मांडला, तो असा की युरोपात एकाच वेळी दोन पंतप्रधान ‘आपल्याकडचे’.

मैत्रिणींनो, हे नुसतं कौतुक नव्हतं. हे दोघं खरोखरच एका टेबलाभोवती बसत होते. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांच्या प्रमुखांची एक परिषद असते. वर्षातून किमान चार वेळा ब्रसेल्सला भरते. कुठल्या देशातून राष्ट्रप्रमुख येतो, कुठल्या देशातून सरकारप्रमुख. आपल्याकडे राष्ट्रपती आणि पंतप्रधान असतात ना, तसंच. फ्रान्सचा कारभार राष्ट्राध्यक्ष बघतात म्हणून ते येतात. जर्मनीचा चान्सेलर बघतो म्हणून तो येतो आणि तिथले राष्ट्राध्यक्ष घरी राहतात. (आमच्या घरात सासूबाई होत्या तोवर राष्ट्रप्रमुख त्या आणि सरकारप्रमुख मी अशीच व्यवस्था होती. सही त्यांची, धावपळ माझी.)

जून २०१७ च्या बैठकीत अठ्ठावीस देश होते, ब्रिटन अजून बाहेर पडलं नव्हतं. त्या अठ्ठावीस जणांत बाया मोजून चार. जर्मनीच्या मर्केल, ब्रिटनच्या मे, पोलंडच्या शिद्वो आणि लिथुआनियाच्या ग्रिबाउस्काइते. बाकी सगळे कोटवाले. पेपरात त्यांचा एकत्र फोटो आला की आंटी चष्मा लावून बाबुशला शोधत आणि काकू वराडच्या झिलाला. मी मात्र त्या चौघींना शोधायची.

आता आंटींच्या गोव्याचा आणि आमच्या मरोळचा एक धागा सांगते, कारण तो मला फार आवडतो. मडगाव ज्या तालुक्यात आहे तो सासष्टी. आणि मरोळ ज्या बेटावर आहे ते साष्टी. दोन्ही नावं सहासष्ट गावांवरून आलेली. दोन्हीकडे पोर्तुगीजांचं राज्य. आपल्या साष्टीतून मराठ्यांनी त्यांना १७३९ पर्यंत घालवलं, गोव्यातून ते १९६१ च्या डिसेंबरात गेले. सीप्झच्या आवारात आजही एका जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. १५७९ सालचं ते. १८४० च्या सुमारास साथ आली, लोकांनी गाव सोडलं आणि मरोळला नवं चर्च उभं राहिलं. आंटी दर रविवारी जातात ते हेच. कोस्टा जन्मला १९६१ च्या जुलैत, लिस्बनमध्ये. गोवा मुक्त व्हायला तेव्हा पाच महिने बाकी होते. त्याचे वडील ओर्लांदो मडगावात वाढलेले लेखक, आणि तिथल्या हुकूमशाहीच्या विरोधात तुरुंगात गेलेले.

वडिलांकडून गाव मिळालं, म्हणून आपण त्यांना आपलं म्हणतो. पण दोघांच्या आया कोण, हे आम्हा तिघींपैकी कुणीच विचारलं नव्हतं. मी नंतर वाचत गेले तेव्हा कळलं.

वराडकरची आई मिरियम आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड परगण्यातली. इंग्लंडला नर्स म्हणून काम करत असताना तिथेच वराडच्या डॉक्टरांशी गाठ पडली. लग्नानंतर हे कुटुंब काही काळ भारतात येऊन राहिलं आणि १९७३ मध्ये डब्लिनला स्थिरावलं. सत्तरच्या दशकात एक आयरिश सून मालवणी घरात! काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘मेल्या माशाचा सार जमला आसतला काय तिका?’’

कोस्टाची आई मारिया अंतोनिया पाला. ही पत्रकार. १९७६ मध्ये, म्हणजे हुकूमशाही जाऊन दोनच वर्षं झाली होती तेव्हा, तिने पोर्तुगालच्या सरकारी दूरदर्शनवर गर्भपाताबद्दल कार्यक्रम केला. तिथे तेव्हा गर्भपात गुन्हा होता आणि बायका चोरून, जीव धोक्यात घालून तो करून घेत. गर्भपात हा गुन्हा नाही, असं तिने उघड म्हटलं. तिच्यावर खटला भरला. १९७९ मध्ये ती निर्दोष सुटली, पण कायदा बदलायला फेब्रुवारी २००७ चं सार्वमत यावं लागलं. तेव्हा तिचा मुलगा मंत्रिमंडळात होता.

मी हे आंटींना सांगायला गेले आणि सांगता सांगता थांबले. कारण दुसऱ्या मुलाच्या देशातली गोष्ट आंटींच्या घरातच घडून गेलेली होती.

आंटींची मुलगी नर्स. २००७ मध्ये डब्लिनला गेली, तिथेच लग्न झालं. २०१३ च्या सुरुवातीला तिला दिवस गेले. आणि त्याच्या दोन-तीन महिने आधी सविता हलप्पनवारची बातमी जगभर झाली होती. आठवते ना? आपल्या बेळगावची सविता, दातांची डॉक्टर, वय एकतीस. आयर्लंडच्या गॉलवे शहरात राहायची. सतरावा आठवडा चालू होता. पाठीत दुखू लागलं, डॉक्टरांनी सांगितलं की गर्भ वाचणार नाही. मग तो काढून टाका, असं ती आणि तिचा नवरा विनवत राहिले. पण बाळाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने हात लावता येत नाही, असं उत्तर मिळालं. १९८३ मध्ये तिथल्या राज्यघटनेत दुरुस्ती झाली होती. पोटातल्या जिवाचा हक्क आणि आईचा हक्क समान. जंतुसंसर्ग रक्तात भिनला. २८ ऑक्टोबर २०१२ ला सविता गेली.

आपल्याकडे १९७१ पासून या बाबतीत कायदा आहे. बेळगावच्या सरकारी दवाखान्यातही जे झालं असतं, ते युरोपातल्या श्रीमंत देशात झालं नाही. मला तेव्हा हेच डोक्यात बसत नव्हतं.

आंटींनी मुलीला फोन करून सांगितलं, बाळंतपणाला मरोळला ये. मुलगी म्हणाली, मम्मी, मी इथल्याच हॉस्पिटलात काम करते, मला सगळं माहीत आहे. आंटी म्हणाल्या, तीपण डॉक्टरच होती. त्या महिन्यांत आंटी रोज सकाळी मासला जायच्या. एकदा मला म्हणाल्या, ‘‘चर्च सांगतं ते मी मानते. माझी पोरगी मरता कामा नये हेही मला पायजे. दोन्ही एकदम कसं मागू देवाकडे?’’ मी काय बोलणार! मी त्यांचा हात धरून बसले. मुलगी आली, सप्टेंबरात इथेच बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्याच वर्षी आयर्लंडने कायदा थोडा सैल केला, आईच्या जिवाला धोका असला तर परवानगी. त्यापलीकडे नाही. बायका पूर्वीसारख्याच विमानाने इंग्लंडला जात राहिल्या.

म्हणून २०१७ मध्ये वराडचा झील पंतप्रधान झाला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला, हा सविताचं काय करणार? तो स्वतः डॉक्टर. आधी आरोग्यमंत्री होता. २०१५ च्या जानेवारीत, आपल्या वाढदिवसाला, तो रेडिओवर बोलला होता की मी समलिंगी आहे. (हे काकूंना कळलं तेव्हा त्या मिनिटभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘आवशीक म्हायत आसात, मगे आमका काय?’’) पण पूर्वी त्याची मतं या विषयावर बरीच जुन्या वळणाची होती. ती बदलली, आणि त्याने ते लपवलं नाही.

२५ मे २०१८ ला आयर्लंडमध्ये सार्वमत झालं. डब्लिनच्या एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र रंगवलं होतं, टिकलीसकट. लोक येऊन त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते. बेळगावहून तिच्या आईवडिलांनी तिथल्या मतदारांना आवाहन केलं होतं. ६६.४ टक्के लोकांनी ती जुनी दुरुस्ती काढून टाकायच्या बाजूने मत दिलं. १ जानेवारी २०१९ पासून नवा कायदा लागू झाला, बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता.

आंटींची मुलगी तोपर्यंत तिथली नागरिक झालेली होती. तिने मत दिलं. कुठल्या बाजूने, हे तिने आईला सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. २९ डिसेंबर २०१९ ला वराडकर आईवडिलांना घेऊन वराडला आला. काकूंच्या भावजयीने गर्दीत उभं राहून त्याला बघितलं आणि रात्री फोनवर तासभर वर्णन केलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये दोन्ही झील एका आठवड्यात खुर्चीवरून उतरले. कोस्टा २ तारखेला, वराडकर ९ ला. कोस्टाच्या सरकारभोवती चौकशी लागली म्हणून त्याने आदल्या नोव्हेंबरातच राजीनामा दिला होता. वराडकर म्हणाला, आता मी या पदासाठी योग्य माणूस राहिलो नाही. काकूंना दोन्ही कारणं पटली नाहीत. पण १ डिसेंबर २०२४ पासून कोस्टा परत त्याच टेबलावर आला, या वेळी देशाचा प्रमुख म्हणून नव्हे तर सगळ्या प्रमुखांच्या परिषदेचा अध्यक्ष म्हणून. आता सत्तावीस देशांच्या प्रमुखांना बोलावतो तो आणि बैठक चालवतो तो. आंटींनी त्या दिवशी काकूंना मुद्दाम बेबिंका पाठवली.

मागच्या नाताळात आंटींची नात मरोळला आली होती. तीच, इथे जन्मलेली. काकू मरोळच्या बाजारातून सुकट घेऊन आल्या होत्या, आंटी निवडत बसल्या होत्या, नात नाक दाबून बघत होती. काकूंनी तिला विचारलं, ‘‘तुमच्या थंय आता पंतप्रधान कोण?’’ तिने नाव सांगितलं आणि म्हणाली, राष्ट्राध्यक्ष बाई आहेत, कॅथरीन कॉनोली, गॉलवेच्या.

गॉलवे ऐकून आंटींचा हात सुकटीवर थांबला. मग त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला म्हणाल्या, जा, मम्मीला हाक मार, चहा झालाय.