ठोक भाड्याचा काळोख

‘बी ग्रेड’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. स्वस्त, भडक, चारचौघांत नाव घ्यायला नको असे काहीतरी, एवढाच अर्थ त्यात उरला आहे. मुळात मात्र ‘बी’ या अक्षराचा दर्जाशी संबंध नव्हता. तो हिशेबाच्या वहीतला शब्द होता. १९३०च्या दशकातील मंदीत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांचा प्रेक्षक आटला, तेव्हा थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. मोठ्या नटांचा, जाहिरातीत झळकणारा तो ‘ए’. त्याच्या जोडीला लावलेला, तास-सव्वा तासाचा, तो ‘बी’. ‘ए’ चित्रपटाच्या गल्ल्यात स्टुडिओचा टक्का असे. ‘बी’ मात्र ठोक भाड्याने दिला जाई. थिएटर भरो वा ओस पडो, स्टुडिओच्या हाती पडणारी रक्कम ठरलेली.

गेली वीसेक वर्षे मी हे चित्रपट जमवतो आहे, आणि त्यांच्याकडे पाहताना मला सर्वांत उपयोगी पडली ती हीच गोष्ट. उत्पन्न ठरलेले असेल, तर नफा फक्त खर्च कापूनच निघतो. म्हणून सेट उसने, पटकथा आखूड, फिल्म मोजून वापरायची. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ज्या चित्रपटातून फार मिळणार नाही आणि फार बुडणारही नाही, त्याच्याकडे वरिष्ठांचे लक्ष नसते. हातात पैसा नाही, पण डोक्यावर कोणी उभेही नाही, अशा विचित्र मोकळिकीत रहस्यपट, नॉयर आणि भयपट यांतले काही अस्सल काम झाले.

हे चित्रपट दोन ठिकाणी तयार होत. मोठ्या स्टुडिओंचे स्वतंत्र ‘बी’ विभाग होते. फॉक्सने चार्ली चॅन आणि मिस्टर मोटो यांच्या मालिका काढल्या, कोलंबियाने ‘द व्हिसलर’ आणि बॉस्टन ब्लॅकी यांच्या, तर युनिव्हर्सलने १९४२ ते १९४६ या काळात बॅझिल रॅथबोनला घेऊन शेरलॉक होम्सचे बारा चित्रपट केले. दुसरीकडे मोनोग्राम, रिपब्लिक, पीआरसी अशा लहान कंपन्या होत्या. हॉलिवूडमध्ये त्यांच्या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत. आपल्या भाषेत कंगालपुराच. स्वतःची थिएटरे नसलेल्या या कंपन्या जोडीच्या चित्रपटांची भूक भागवण्यावरच जगत होत्या.

या मोकळिकीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे व्हॅल ल्यूटन. १९४२ साली आरकेओ स्टुडिओने त्याच्याकडे भयपटांचा विभाग सोपवला. अटी तीन. प्रत्येक चित्रपट दीड लाख डॉलरच्या आत व्हायला हवा, लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या वर जाता कामा नये, आणि नाव स्टुडिओ देईल. पहिले नाव मिळाले ‘कॅट पीपल’. अशा नावाच्या चित्रपटात केसाळ मुखवटा घातलेला राक्षस येणार, हे कोणीही सांगितले असते. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी न्यूयॉर्कमध्ये एकटी राहणारी एक परदेशी तरुणी घेतली. आपल्या मनात प्रेम किंवा मत्सर उफाळला तर आपण हिंस्र श्वापद होऊ, ही भीती तिला पोखरते आहे. आरकेओने ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’साठी उभारलेला भव्य जिना या चित्रपटात पुन्हा वापरला.

यातला एक प्रसंग चित्रपटाच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. दुसरी एक बाई रात्री उद्यानाच्या भिंतीलगत चालली आहे. मागून टाचांचा आवाज येतो. मग तो आवाज थांबतो. ती घाबरून पावले उचलते, आणि अचानक गुरगुरल्यासारखा फुत्कार होतो. तो असतो थांबणाऱ्या बसच्या ब्रेकचा. पडद्यावर श्वापद आलेलेच नसते. प्रेक्षकाला असे दचकवण्याच्या युक्तीला आजही ‘ल्यूटनची बस’ म्हणतात. छायालेखक निकोलस म्युसुराका याने पुढे तूर्नरबरोबरच ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) हा नॉयरमधला मानदंड ठरलेला चित्रपट केला. भयपटातला काळोख आणि गुन्हेपटातला काळोख एकाच हातातून आलेला आहे, हे दोन्ही चित्रपट एकामागोमाग पाहिले की लगेच कळते.

ल्यूटनला पुढचे नाव मिळाले ‘आय वॉक्ड विथ अ झाँबी’ (१९४३). या नावाखाली त्याने ‘जेन एअर’च्या कथानकाची छाया घेऊन वेस्ट इंडीजमधल्या एका मळेवाल्या कुटुंबाची, आणि गुलामगिरीने त्या बेटावर सोडलेल्या दुःखाची गोष्ट सांगितली. नाव बाजाराचे, आत मजकूर स्वतःचा, अशी ही कसरत होती. ल्यूटन १९५१ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेला.

‘नॉयर’ हे नावही हॉलिवूडने दिलेले नाही. युद्धकाळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, आणि समीक्षक निनो फ्रँक यांना त्यातल्या काही गुन्हेपटांत एकच अंधारा सूर ऐकू आला. १९४६ साली त्यांनी ‘फिल्म नॉयर’ हा शब्द वापरला. तो काळोख गरिबीतून आला, असे सरसकट म्हणण्याचा मोह होतो. सेट झाकायला दिवे कमी लावले की झाले! पण ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) हा पॅरामाउंटचा चांगला खर्चिक चित्रपट होता, आणि तोही तितकाच काळा आहे. जर्मनी-ऑस्ट्रियातून हिटलरच्या भयाने आलेले दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ सावल्यांची ती भाषा बरोबर घेऊन आले होते. गरिबीने एवढेच केले की ही भाषा सोयीची ठरवली. ‘टी-मेन’ (१९४७) मध्ये जॉन आल्टन या छायालेखकाने मोजक्या दिव्यांत जे साधले, ते पाहिल्यावर दिवा कुठे लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही हा प्रश्न मोठा वाटू लागतो.

या गरिबीचा शिरोमणी म्हणजे पीआरसीचा ‘डिटूर’ (१९४५). दिग्दर्शक एडगर उल्मर. लांबी अडुसष्ट मिनिटे. न्यूयॉर्कमधला एक पियानोवादक प्रेयसीला भेटायला लिफ्ट मागत लॉस एंजेलिसला निघतो. वाटेत गाडीवाला मरतो. पोलिसांचा आपल्यावर विश्वास बसणार नाही म्हणून हा त्याचे नाव, कपडे आणि गाडी घेतो. मग त्याला व्हेरा भेटते. अ‍ॅन सॅव्हेजने रंगवलेली ही बाई एकदा पाहिली की विसरता येत नाही. न्यूयॉर्कचा रस्ता उभा करायला पैसे नव्हते, म्हणून धुके सोडले आणि एक दिव्याचा खांब उभा केला. प्रेमिकांच्या ताटातुटीला ते धुकेच शोभून दिसते.

याच चित्रपटातली एक गंमत आपल्या प्रेक्षकाच्या सहसा नजरेत येत नाही. नायकाचा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नकाशात उजवीकडून डावीकडे चालला आहे. ती दिशा पडद्यावर राखण्यासाठी काही दृश्यांची निगेटिव्ह उलटी छापली गेली. परिणामी अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि चालक उजवीकडे बसलेला दिसतो. अमेरिकन प्रेक्षक तिथे हसतो. आपल्याला ते अगदी रोजच्यासारखे वाटते.

‘डिटूर’ सहा दिवसांत चित्रित झाला, ही दंतकथा उल्मरच्याच तोंडून पसरली. नोआ आयझनबर्ग या अभ्यासकाने जुनी कागदपत्रे पाहून दाखवले की चित्रीकरण त्याहून बरेच लांबले होते आणि खर्चही एक लाख डॉलरच्या आसपास गेला होता. ‘बी’ चित्रपटांचे चाहते गरिबीच्या कथा वाढवून सांगतात. संग्राहकाने त्या आवडीने ऐकाव्यात, पण वहीत लिहू नयेत.

आता प्रश्न येतो तो हे चित्रपट टिकण्याचा. अमेरिकेच्या जुन्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क पहिल्यांदा अठ्ठावीस वर्षांसाठी मिळे. नंतर अर्ज करून त्याचे नूतनीकरण करावे लागे. कंपनी बुडाली, कागद हरवले, कोणी अर्ज केला नाही, की चित्रपट सार्वजनिक मालकीचा होई. ‘डिटूर’ असाच मोकळा झाला, ‘डी. ओ. ए.’ (१९५०) हाही. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा (१९६८) किस्सा तर निराळाच आहे. प्रदर्शनापूर्वी त्याचे नाव बदलले आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वाची सूचना घालायची राहून गेली. त्या काळच्या कायद्यात तेवढ्यावरच हक्क गेला.

बेवारशीपणाने या चित्रपटांचे भले केले आणि वाटोळेही केले. कोणीही प्रत काढू शकत असल्यामुळे ते रात्री उशिराच्या टीव्हीवर दिसत राहिले, स्वस्त कॅसेटवर आणि डीव्हीडीवर मिळत राहिले, आणि लोकांच्या स्मरणात राहिले. पण मालक नाही म्हणजे मूळ निगेटिव्हची काळजी घेणाराही नाही. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत निघाली. चेहरे पांढरे पडले, सावल्या चिखलासारख्या झाल्या, संवाद खरखरू लागले. कित्येक वर्षे प्रेक्षकांनी ‘डिटूर’ याच अवस्थेत पाहिला आणि तो उदासपणा चित्रपटाचाच मानला. २०१८ साली अमेरिकेच्या अकॅडमी फिल्म आर्काइव्हने आणि फिल्म फाउंडेशनने त्याचे पुनरुज्जीवन केले. त्यासाठी बेल्जियमच्या संग्रहालयातली एक चांगली प्रत कामी आली. तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षके छापलेली होती. ती संगणकावर एकेका चौकटीतून पुसावी लागली. ती प्रत पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रकाश मंदावत जाऊन नायकाच्या डोळ्यांवरच उरतो, ते उल्मरने किती मोजून केले होते. आधीच्या प्रतींत तो नुसता डाग दिसत असे.

इतके नशीब सगळ्यांचे नसते. वॉर्नर ओलंडने साकारलेल्या चार्ली चॅनच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी चार आज नाहीत. त्यातल्या ‘चार्ली चॅन कॅरीज ऑन’ (१९३१) ची कथा मात्र आपल्याला पाहता येते, कारण फॉक्सने तीच गोष्ट दुसरे नट घेऊन स्पॅनिशमध्ये ‘एरान त्रेसे’ या नावाने केली होती, आणि ती प्रत वाचली. मूळ गेले, जोडीचे राहिले.

संग्राहकाचे काम इथे सुरू होते, आणि ते वाटते तितके रम्य नाही. अमेरिकेतल्या डीव्हीडीवर विभाग १चा शिक्का असतो, भारताचा विभाग ५. त्यामुळे सर्व विभाग चालवणारा प्लेअर आधी मिळवावा लागतो. युरोपातली पाल पद्धतीची डीव्हीडी सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी दाखवते. अडुसष्ट मिनिटांचा चित्रपट पासष्ट मिनिटांत संपतो. अशा वेळी काही कापले आहे असे समजू नये. उलट टीव्हीसाठी काढलेल्या प्रतींत खरोखरच कापाकापी असते, आणि कित्येकदा सुरुवातीचे स्टुडिओचे बोधचिन्हही बदललेले असते. म्हणून मी प्रत्येक चित्रपटाची लांबी, पाटीवरचा मजकूर आणि प्रत कुठून आली याची नोंद वहीत करतो. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर चकतीवर बुरशी धरते.

माझ्या कपाटातले बरेचसे चित्रपट सुमार आहेत, हे सांगायला संकोच नाही. चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या भूमिका गोऱ्या नटांनी केल्या. मोनोग्रामच्या चॅनपटांत मँटन मोरलँड या कृष्णवर्णीय विनोदी नटाला भुताला घाबरणाऱ्या शोफरचे काम मिळाले. पाहताना अवघडायला होते. आणि त्याच वेळी दिसते की अख्ख्या चित्रपटात वेळेचे अचूक भान असलेला नट तोच आहे. हे चित्रपट फेकून दिले तर तो अपमान पुसला जाणार नाही, मोरलँडचे काम तेवढे पुसले जाईल.

नवख्याने सुरुवात कुठून करावी? ‘कॅट पीपल’, मग ‘डिटूर’, मग ‘गन क्रेझी’ (१९५०). या तिसऱ्यात बँकेवरचा दरोडा गाडीच्या मागच्या सीटवरून एकाच सलग दृश्यात टिपला आहे. आपण बँकेत जातच नाही. तिन्ही मिळून चार तासांच्या आतले काम. दिवे मालवून पाहावेत. आणि मग यांच्यासारखा पण फसलेला एखादा चित्रपट पाहावा, म्हणजे यांनी काय साधले ते कळते.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंची थिएटरांवरची मक्तेदारी मोडली. मोठ्या चित्रपटाबरोबर लहान चित्रपट गळ्यात मारण्याची सोय गेली. त्यातच टीव्ही आला, आणि दशकभरात ‘बी’ चित्रपटाचा जुना व्यवहार संपला.

आपल्याकडे काय टिकवावे हा प्रश्न पुण्यात पी. के. नायर यांनी जवळून पाहिला. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांनी थोर आणि फुटकळ असा भेद न करता चित्रपट गोळा केले. तरीही ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट त्यांना मिळाला नाही. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापील शब्दाचेही तेच. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ घरोघरी वाचले गेले, पण ती पातळ पुस्तके वाचून झाली की रद्दीत गेली, कारण ती जपण्याजोगी आहेत असे कोणाला वाटले नाही. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत त्यातले एखादे असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी त्याचे पहिले पान उघडा आणि नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत एवढे तरी लिहून ठेवा.