ओल खालून येते

बांधकाम हा माझा व्यवसाय. त्यामुळे रत्नागिरीजवळच्या गावी आमचं घर बांधलं, तेव्हा मी स्वतः उभा होतो. छप्पर गळलं नाही, खिडकीतून झड आली नाही. तरीही दुसऱ्या पावसाळ्यात तांदळाच्या पोत्यांचे तळ काळे पडले आणि आईच्या चटईला बुरशी आली. आई म्हणाली, "अरे, पाणी वरून नाही, खालून येतंय." तिचं खरं होतं.

काँक्रीट म्हणजे दगडच, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यात केसाहून बारीक छिद्रांचं जाळं असतं. समईच्या वातीतून तेल चढावं, तसं जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं. वाफ होऊनही येतं. याला अडवायचं तर काँक्रीटखाली जाड प्लॅस्टिकचा कागद हवा. तो निदान २५० मायक्रॉनचा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत १००० गेजचा असावा.

मात्र नुसता कागद अंथरून भागत नाही. आधी मुरूम भरून, पाणी मारून धुमसानं ठोकायचा. त्यावर दगडी सोलिंग, फटींत खडी आणि वर दोन इंच रेती. रेती नसेल तर दगडाची टोकं कागद फाडतात. दोन कागदांचा जोड किमान सहा इंच, जमल्यास फूटभर एकमेकांवर चढवून चिकटपट्टीनं बंद करायचा. पाइप जिथून वर येतो, तिथेही कागद घट्ट चिकटवायचा.

सर्वांत महत्त्वाची भिंतीची कड. तिथे कागद वर वळवून जोत्यावरच्या ओलप्रतिबंधक थराला भिडवायचा. आमच्या घरी मजुरांनी तो भिंतीपाशी कापला आणि मी म्हणालो, "एवढ्यानं काय होतंय!" त्या बोटभर फटीतून ओल आत शिरली. जांभ्याच्या भिंती पाणी पितातच, त्यांनी ती आणखी पसरवली. अखेर फरशी उखडावी लागली.

तुमच्याकडे फरशी ओली होत असेल, तर उखडण्याआधी एक परीक्षा करा. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी फरशीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. खालच्या बाजूला पाणी धरलं, तर ओल जमिनीतली. वरची बाजू ओली झाली, तर ती दमट हवेची. तिथे फरशी फोडून उपयोग नाही, वारा खेळता ठेवा.

आणि नवं घर बांधत असाल, तर काँक्रीट ओतण्याआधी त्या कागदावरून अनवाणी चाला. भोक दिसलं, तर लगेच ठिगळ लावा. गवंडी घाई करील, करू द्या. एकदा काँक्रीट पडलं, की तो कागद पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. त्याची आठवण मग पावसाळाच करून देतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)