डेव्हिस करंडक आणि यजमानपणाची ताकद

टेनिसचा चाहता मुळात माणसाचा चाहता असतो, देशाचा नव्हे. फेडररचे भक्त बासेलइतकेच पुण्यातही होते, आणि नदाल जिंकला म्हणून आनंद व्हायला स्पॅनिश असण्याची गरज कुणाला वाटली नाही. वर्षभर खेळाडू स्वतःसाठी खेळतो, स्वतःच्या क्रमवारीची काळजी वाहतो, हरला तर एकटाच पुढच्या गावाची वाट धरतो. अशा खेळात ‘आपला संघ’ ही भावना आपोआप येत नाही. क्रिकेटमध्ये किंवा हॉकीत ती गृहीत धरलेली असते, टेनिसमध्ये ती घडवावी लागते. १९०० साली बॉस्टनजवळच्या लाँगवुड क्लबवर अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पहिली लढत झाली, तेव्हापासून हे काम डेव्हिस करंडक करत आला आहे. त्याच्या यशाचं श्रेय सहसा परंपरेला किंवा मोठ्या नावांना दिलं जातं. माझ्या मते ते यजमानपणाच्या एका साध्या नियमाला द्यायला हवं. प्रेक्षकाला पाठीराखा हा नियम करतो, आणि त्याची गरज बलाढ्य देशांपेक्षा भारतासारख्या मधल्या फळीतल्या देशांना जास्त आहे.

नियम असा. दोन देशांची गाठ पडली की लढत त्यांच्यापैकी एकाच्या घरी होते. मागच्या वेळी जो यजमान होता तो यावेळी पाहुणा म्हणून जातो; आधी गाठच पडली नसेल तर चिठ्ठी टाकली जाते. शहर आणि कोर्ट यजमान निवडतो. गवत, माती की सिमेंट, हे त्याच्या सोयीनं ठरतं. जुन्या पद्धतीत लढत तीन दिवस चालायची: पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी, तिसऱ्या दिवशी परतीच्या दोन एकेरी, आणि प्रत्येक सामना पाच सेटचा. शुक्रवारी बिचकत टाळ्या वाजवणारा प्रेक्षक रविवारपर्यंत तापलेला असे, कारण शनिवारची दुहेरी त्याच्या डोळ्यांदेखत झालेली असे. एखाद्या बड्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीचं तिकीट काढणाऱ्याला समोर कोण येणार हे आधी ठाऊक नसतं. इथे मात्र महिनाभर आधीपासून ठाऊक असतं की अमुक तारखेला अमुक देश आपल्या गावात येणार आहे. चाहत्याला तयारीला वेळ मिळतो, आणि हरलो तर परतफेड कुठे करायची तेही कळतं.

भारताच्या टेनिसच्या इतिहासातली मानाची पानं बहुतेक अशा लढतींनीच भरली आहेत. १९६६ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या साउथ क्लबच्या गवतावर भारत आणि ब्राझील २-२ अशा बरोबरीत होते, आणि निर्णायक सामन्यात रामनाथन कृष्णनसमोर होता डावखुरा थॉमस कॉख. टायब्रेकर तेव्हा नव्हता. तिसरा सेट कॉखनं १२-१० असा घेतला. चौथ्या सेटमध्ये कृष्णन २-५ मागे पडला. सामना आणि लढत दोन्ही हातातून गेल्यात जमा होतं. तिथून त्यानं तो सेट ७-५ आणि पाचवा ६-२ असा जिंकला, आणि भारत पहिल्यांदा अंतिम लढतीत पोहोचला. त्या काळी गतविजेता देश थेट अंतिम लढतच खेळे, आणि तीही घरी. त्यामुळे भारताला मेलबर्नला जावं लागलं. तिथे कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकम-रोश जोडीला दुहेरीत हरवलं, पण लढत ऑस्ट्रेलियानं ४-१ अशी जिंकली. विजेत्याला कायमचं यजमानपण देणारी ही पद्धत १९७१ नंतर संपली. ती इतकी वर्षं टिकली, यावरूनच घरच्या मैदानाची किंमत किती होती ते कळतं.

१९७४ चं वर्ष आणखी बोलकं आहे. त्याच साउथ क्लबवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची लढत भारतानं ३-२ अशी जिंकली, आणि त्या लढतीत तब्बल ३२७ गेम खेळले गेले. डेव्हिस करंडकात इतके गेम दुसऱ्या कुठल्याही लढतीत झालेले नाहीत. पुढे सोव्हिएत संघाशी गाठ पडली ती पुण्यात, आणि विजय-आनंद अमृतराज बंधूंचा संघ ती लढतही जिंकून अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारत खेळायला उतरलाच नाही आणि करंडक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. वर्षभर संघाबरोबर असलेल्या चाहत्याला अंतिम सामना मिळाला नाही, पण देश म्हणून खेळणं म्हणजे कधीकधी न खेळणंही असतं, हे त्याला कळलं. १९८७ मध्ये अर्जेंटिना दिल्लीच्या गवतावर ३-२ अशी हरली आणि त्या वर्षी भारत पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. गोथेनबर्गला स्वीडननं मातीवर ५-० असं धुऊन काढलं तो भाग वेगळा. १९९५ मध्ये दिल्लीतच, क्रमवारीत शंभराच्या बाहेर असलेल्या लिअँडर पेसनं दोन सेट मागे पडून गोरान इव्हानिसेविचला हरवलं. तोवर विम्बल्डनची अंतिम फेरी दोनदा खेळून आलेला हा खेळाडू.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की हे सगळं गवताचं कर्तृत्व आहे, प्रेक्षकांचं नव्हे. मातीवर वाढलेला अर्जेंटिनाचा खेळाडू गवतावर घसरणारच, मग स्टँड भरलेला असो वा रिकामा. शिवाय भारतानं परदेशातही विजय मिळवले आहेत. १९८७ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाला हरवलं, १९९३ मध्ये फ्रान्सच्या फ्रेजुसला थेट मातीवर, आणि २०२५ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडच्या बीएलला ३-१ असा विजय मिळवला. त्यात पदार्पण करणारा दक्षिणेश्वर सुरेश जागतिक क्रमवारीत सहाशेच्याही पुढे होता. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. सिडनीचं कोर्ट गवताचं होतं, म्हणजे यजमानानं स्वतःच्या सोयीसाठी निवडलेलं गवत पाहुण्याच्याही पथ्यावर पडलं. फ्रेजुस हा खराखुरा अपवाद, आणि तो अपवाद म्हणूनच लक्षात राहिला. त्यानंतर युरोपातल्या संघाला युरोपात हरवायला बीएलपर्यंत बत्तीस वर्षं लागली, या एका आकड्यात यजमानपणाची ताकद दिसते. आणि गवत काही निसर्गानं टाकलेलं नव्हतं. आमचं कोर्ट आम्ही निवडणार, हा यजमानाचा हक्क होता. कोर्ट आणि प्रेक्षक हे त्या एकाच हक्काचे दोन भाग आहेत.

हा हक्क मोठ्या प्रमाणात काढून घेण्याचा प्रयोग २०१८ मध्ये झाला. फुटबॉलपटू जेरार्ड पिकेच्या कॉसमॉस कंपनीनं २५ वर्षांत ३ अब्ज डॉलर गुंतवण्याचं आश्वासन दिलं, आणि ऑरलँडोत आंतरराष्ट्रीय महासंघाच्या बैठकीत ७१.४३ टक्के मतांनी बदल मंजूर झाला. अंतिम टप्पा एका आठवड्यात, एकाच शहरात. पाचऐवजी तीन सामने, पाचऐवजी तीन सेट. २०१९ मध्ये माद्रिदला त्याची सुरुवात झाली. फ्रान्सच्या संघटित पाठीराख्यांनी, म्हणजे ढोल आणि पितळी वाद्यं घेऊन गावोगाव संघामागे जाणाऱ्यांनी, त्यावर बहिष्कार घातला. अमेरिका-इटली लढतीतली दुहेरी पहाटे चार वाजून चार मिनिटांनी संपली. सर्वांत बोलका पुरावा मात्र २०२३ च्या सप्टेंबरात मँचेस्टरला मिळाला. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या लढतीत समोर जवळपास रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि स्विस खेळाडू स्टॅन वावरिंकानं त्याचं चित्रीकरण करून पिकेचे खोचक आभार मानले. त्याच आठवड्यात, त्याच सभागृहात ब्रिटन आणि फ्रान्स भिडले तेव्हा तेरा हजारांवर प्रेक्षक होते. शहर तेच, छत तेच, एक संघही तोच. फरक होता तो एका बाजूचे लोक घरी होते की नाही, एवढाच. त्याआधी २०१४ मध्ये लीलला फ्रान्स-स्वित्झर्लंड अंतिम लढतीला २७ हजारांहून अधिक लोक आले होते, हेही इथे आठवावं. कॉसमॉसशी करार २०२३ च्या जानेवारीतच मोडला.

बदलाच्या बाजूचे लोक म्हणतील की जुनी पद्धत मरायला टेकली होती. वर्षातून चार वेळा, ऐन हंगामात, कधी या खंडात तर कधी त्या, पाच-पाच सेट खेळून अव्वल खेळाडू थकत, म्हणून संघातून नाव काढून घेत. हे खरं आहे. पण तारांकित खेळाडू नव्या पद्धतीतही सुटी घेतातच. २०२५ मध्ये यानिक सिनर खेळला नाही, तरी बोलोन्यात, म्हणजे स्वतःच्या घरी, इटलीनं सलग तिसऱ्यांदा करंडक उचलला, आणि तिथलं सभागृह बेरेत्तिनी व कोबोल्ली यांच्यासाठी गर्जत होतं. थकवा हा वेळापत्रकाचा प्रश्न होता. सेट कमी करून, सामने दोन दिवसांत बसवून तो सुटण्यासारखा होता, आणि पात्रता फेऱ्यांत तसंच केलं गेलं. त्यासाठी यजमानपण घालवण्याची गरज नव्हती. २०२५ पासून सप्टेंबरची फेरी पुन्हा यजमान-पाहुणा पद्धतीनं भरवावी लागली, यातच महासंघाची कबुली आहे. एकत्रित अंतिम टप्प्यात यजमान देशाला सगळं मिळतं, आणि त्याची किंमत बाकीचे सात देश मोजतात. जो देश अंतिम टप्प्यापर्यंत क्वचित पोहोचतो, त्याच्या चाहत्याला तर ती स्पर्धा टीव्हीवरचीच.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घरचा प्रेक्षक म्हणजे झुंड, आणि झुंडीला राष्ट्रध्वज दिला की ती खुर्च्या फेकते. २००० मध्ये सँटियागोला अर्जेंटिनाविरुद्धच्या लढतीत चिलीच्या प्रेक्षकांनी शब्दशः तेच केलं आणि सामना मध्येच थांबवावा लागला. १९७२ मध्ये बुखारेस्टच्या अंतिम लढतीत रेषेवरच्या पंचांनीच यजमानांची बाजू घेतल्याच्या तक्रारी झाल्या. हे नाकारता येत नाही. पण उपाय म्हणून प्रेक्षक हटवले की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०१९ मध्ये भारत-पाकिस्तान लढत इस्लामाबादहून हलवून कझाकस्तानला नेली. भारत ४-० जिंकला, पण ती लढत कुणाच्या स्मरणात आहे? २०२४ मध्ये भारतीय संघ साठ वर्षांनी पाकिस्तानात गेला आणि पुन्हा ४-० जिंकला, आणि यावेळी बातमी निकालाइतकीच जाण्याची होती. तटस्थ पंच, कडक दंड, गरज पडल्यास यजमानपण काढून घेणं, हे उपाय महासंघाच्या हाती आहेत आणि वापरलेही जातात. यजमानपण हिरावलं जाऊ शकतं, ही भीतीच प्रेक्षकांना शिस्त लावते.

आता आपल्याकडे पाहू. भारतीय चाहता खरंच संघाचा चाहता आहे का? २०१६ मध्ये स्पेनचा संघ दिल्लीला आला तेव्हा लोक नदालला पाहायला आले. पोट बिघडल्यामुळे तो पहिल्या दिवशी उतरलाच नाही, दुहेरीत खेळून गेला, आणि भारत ०-५ असा हरला. २०१७ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत न्यूझीलंडविरुद्ध सगळ्यांचं लक्ष पेसच्या त्रेचाळिसाव्या दुहेरी विजयावर, म्हणजे विश्वविक्रमावर होतं. पेस आणि विष्णू वर्धन हरले, भारत मात्र ४-१ असा जिंकला. युकी भांबरी आणि रामकुमार रामनाथन यांनी एकेरीत लढत खेचून आणली, आणि चर्चा राहिली हुकलेल्या विक्रमाची. इथे दोष प्रेक्षकाला देऊन चालणार नाही. त्याला संघ दाखवलाच गेला नाही, तारे दाखवले गेले. याउलट २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच म्हाळुंगे-बालेवाडीत महिलांच्या बिली जीन किंग करंडकाचा आशियाई गट खेळला गेला. श्रीवल्ली भामिदिपाती तेव्हा घराघरांत पोहोचलेलं नाव नव्हतं. पहिल्या दिवशी न्यूझीलंडकडून हरलेला संघ नंतर एकामागून एक लढती जिंकत गेला, श्रीवल्लीनं आपले पाचही एकेरी सामने जिंकले, आणि भारत पुढच्या टप्प्यात गेला. आठवडाभर एकाच गावात खेळल्यामुळे संघाची गोष्ट रोज एक पान पुढे सरकत होती. अशी गोष्ट प्रेक्षकाला बांधून ठेवते, आणि इथे ती एकाही जगप्रसिद्ध नावाशिवाय घडली.

नंदन बाळ आणि गौरव नाटेकर यांच्यापासून ऋतुजा भोसले आणि बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेपर्यंत महाराष्ट्रानं देशाच्या संघाला खेळाडू दिले आहेत. कोर्ट आहेत, टेनिस समजणारा प्रेक्षक आहे. उणीव आहे ती यजमानपणाकडे गांभीर्यानं पाहण्याची. लढत मोजक्या सभासदांच्या जिमखान्यात ठेवली, शहर शेवटच्या क्षणी ठरवलं, तिकिटं कुठे मिळतात तेच कळू दिलं नाही, तर यजमानपण कागदावरच राहतं आणि पाहुण्या संघाला परक्या मुलुखात आल्यासारखं वाटतच नाही. आपल्या संघटनेनं एवढं तरी करावं: लढतीचं गाव महिने आधी जाहीर करावं, खेळाडूंना मानवेल ते कोर्ट निवडावं, आसपासच्या अकादमीतल्या मुलांसाठी जागा राखून ठेवाव्यात, आणि जाहिरातीत एका चेहऱ्याऐवजी पाचही खेळाडू दाखवावेत. भारताकडे पहिल्या पन्नासात एकेरीचा खेळाडू नाही, आणि तो कधी येईल हे कुणाच्या हातात नाही. यजमानपण मात्र नियमानंच दर एक-दोन वर्षांनी आपल्या दारात येतं. क्रमवारीत मागे असलेल्या देशाकडे असलेलं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक हत्यार आहे, आणि ते गंजू देण्याचं काहीच कारण नाही.