भविष्याचे शहर आणि त्याची डागडुजी

व्याख्यानमालेच्या चालकांनी या वर्षी आम्हांस विषय दिला तो असा: आधुनिक शहराने भविष्यकालीन, म्हणजे हल्लीच्या तरुणांच्या भाषेत ‘सायबरपंक’ धर्तीची वास्तुकला स्वीकारावी काय? विषय हाती आला तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आम्ही काही वास्तुविशारद नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि गेटवरच्या सभांत. पण इमारती झाडणारे, त्यांच्या काचा पुसणारे, लिफ्ट चालू ठेवणारे कंत्राटी कामगार संघटित करण्यात आमची पंचवीस वर्षे गेली. इमारतीकडे पाहण्याची तीही एक बाजू आहे, आणि ती व्यासपीठावर क्वचितच येते.

सायबरपंक म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९८० नंतरच्या इंग्रजी विज्ञानकथांतून हा शब्द रूढ झाला. ढगांत शिरलेले मनोरे, त्यांच्या अंगावर निऑनच्या जाहिराती, भिंतीबाहेर लोंबणाऱ्या नळ्या आणि तारा, सदैव रात्र आणि सदैव पाऊस, असे त्याचे चित्र असते. १९८२ चा ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट त्याचा नमुना मानतात. त्यातले लॉस एंजेलिस २०१९ सालचे होते. ते साल आले आणि गेलेही. त्याच्याही पुष्कळ आधी, १९२७ मध्ये, जर्मनीत फ्रिट्झ लांग यांनी ‘मेट्रोपोलिस’ काढला. त्यात मालक वर मनोऱ्यांत राहतात आणि कामगार जमिनीखाली. ध्यानात घ्या की, ही शहरे ज्यांनी कल्पिली त्यांनी ती तेथे जाऊन राहावे म्हणून कल्पिली नव्हती. तो इशारा होता. पण रोषणाई इतकी मोहक निघाली की इशारा मागे पडला आणि रोषणाई तेवढी लोकांच्या मनात राहिली.

तथापि एवढ्यावरून विषय निकालात काढणे बरोबर होणार नाही. भविष्याची इमारत खरोखर बांधून पाहण्याचे धाडस काहींनी केले आहे, आणि ते चांगल्या हेतूने केले आहे. त्यांतले एक उदाहरण आम्ही जरा सविस्तर मांडतो.

१९६० मध्ये टोकियो येथे जागतिक अभिकल्प परिषद भरली. त्या वेळी काही तरुण जपानी वास्तुविशारदांनी आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. आपल्या पंथास त्यांनी नाव दिले ‘मेटाबोलिझम’, म्हणजे चयापचय. शरीरातील पेशी जशा झिजतात आणि नव्या येतात, तसे शहराचेही भाग बदलता आले पाहिजेत, सबंध शहर पाडावे लागू नये, असे त्यांचे म्हणणे. युद्धात जळून राख झालेल्या देशातल्या मुलांना असे वाटावे यात नवल नाही. त्यांच्यातले किशो कुरोकावा हे तेव्हा अवघे २६ वर्षांचे होते. पुढे १९७२ मध्ये त्यांनी टोकियोच्या गिंझा भागाजवळ नाकागिन कॅप्सूल टॉवर उभा केला. काँक्रीटचे दोन खांबवजा मनोरे, एक ११ मजली आणि दुसरा १३ मजली, आणि त्यांना चिकटवलेल्या १४० पेट्या. प्रत्येक पेटी कारखान्यात तयार करून ट्रकने आणलेली आणि चार मोठ्या बोल्टांनी मनोऱ्यास जोडलेली. आत सुमारे दहा चौरस मीटर जागा. तीत पलंग, घडीचे टेबल, टेलिफोन, विमानातल्यासारखी न्हाणी, आणि एक भली मोठी वाटोळी खिडकी. स्वयंपाकघर नव्हते. आठवडाभर कचेरीत राबणाऱ्या आणि दूरच्या घरी रोज जाऊ न शकणाऱ्या नोकरदारासाठी ती सोय होती.

आमचे बालपण लालबागेत दहा बाय बाराच्या खोलीत गेले, तेव्हा जागेच्या तोकडेपणाचे आम्हांस फारसे आश्चर्य वाटत नाही. फरक असा की, आमच्या खोलीत सात माणसे होती, आणि दाराबाहेर सबंध मजल्याची गॅलरी होती. पेटीला दार होते, गॅलरी नव्हती.

पण खरा प्रश्न बोल्टांचा आहे. दर २५ वर्षांनी जुनी पेटी काढून नवी बसवायची, ही सगळ्या योजनेची गुरुकिल्ली. त्या हिशोबाने १९९७ च्या सुमारास पहिली अदलाबदल व्हावयास हवी होती. ती कधीच झाली नाही. एकही पेटी बदलली गेली नाही. पेट्या एकीवर एक इतक्या दाटीने बसवलेल्या की, खालची काढायची तर आधी वरच्या काढाव्या लागत. शिवाय प्रत्येक पेटीचा मालक निराळा. कोणाकडे पैसा नाही, कोणाला इच्छा नाही, कोणी ती भाड्याने दिलेली. पाणी गळू लागले, नळ गंजले. बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस असल्यामुळे साधी दुरुस्तीही जिकिरीची. २०१० पर्यंत गरम पाणीही बंद झाले. २००७ मध्ये मालकांनी पाडण्याच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी कुरोकावा वारले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये पाडकाम सुरू झाले. २३ पेट्या जतन करण्यात आल्या.

कोणी म्हणेल, बदलण्याची कल्पनाच खुळी. ते खरे नव्हे. त्याच जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात, आणि ही रीत, मधले काही खंड सोडता, सुमारे तेराशे वर्षे चालू आहे. मागची बांधणी २०१३ मध्ये झाली, ती बासष्टावी. पुढची २०३३ मध्ये. मेटाबोलिझमवाल्यांच्या डोळ्यांपुढे हे उदाहरण होतेच. पण इसेला लाकडासाठी जंगल राखलेले आहे, जागा ठरलेली आहे, खर्चाची तजवीज वर्षानुवर्षे आधी सुरू होते, आणि म्हातारा सुतार हयात असतानाच त्याच्या हाताखाली पुढचा सुतार तयार होतो. नाकागिनला बोल्ट होते. सुतार नव्हता, आणि घसारा निधीही नव्हता. कोणत्याही गिरणीचा हिशेबनीस यंत्राचा घसारा वेगळा काढतो. घराचा घसारा काढण्याचे मात्र आपल्याला सुचत नाही.

हे जपान्यांना हसण्यासाठी आम्ही सांगत नाही. मुंबईच्या चाळींचे तरी काय झाले? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जुन्या दरावर गोठली, मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूला ती करण्याचा अधिकार नाही आणि ऐपतही नाही. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून उपकर बसवावा लागला आणि दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. चाळीत निऑन नव्हते, वाटोळी खिडकी नव्हती. रोग मात्र तोच.

उलट बाजूचेही एक उदाहरण देतो. पॅरिसचे पोंपिदू केंद्र १९७७ मध्ये उघडले. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी त्याची आतडी बाहेर काढून ठेवली: हवेच्या नळ्या निळ्या, पाण्याच्या हिरव्या, विजेच्या पिवळ्या, जिने आणि लिफ्ट लाल. लोकांनी त्याला तेलशुद्धीचा कारखाना म्हणून हिणवले. आम्हांस विचाराल तर नळकाम करणाऱ्याला आपली नळी दिसावी आणि तिच्यापर्यंत हात पोहोचावा, यासारखी सभ्य वास्तुकला नाही. तरीही २०२५ मध्ये ते केंद्र सुमारे पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी बंद करावे लागलेच. तेथे अ‍ॅस्बेस्टॉसही काढावयाचे आहे. फरक एवढाच की, सरकार मागे उभे आहे.

म्हणून चालकांच्या प्रश्नाला आमचे उत्तर होकाराचे आहे, आणि होकार देताना आमची अट आहे. आकार हवा तो घ्या. वाकडा घ्या, चकचकीत घ्या. पण नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो दुरुस्त कोण करणार, कशाच्या पैशाने, आणि कोठे उभा राहून, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे, आणि ते लिहिताना त्या कामगाराला बोलावलेले असावे.

काही वर्षांपूर्वी मुंबईत एक नवी काचेची इमारत उभी राहिली. मध्येच पोट आत गेलेली, दिसायला झकास. काच पुसणाऱ्यांचा झुला त्या आत गेलेल्या भागाशी पोहोचेना. मग पोरे दोरावर लोंबकळत, काचेला पाय देऊन झोके घेत आणि झोका आत गेला की तेवढ्यात फडके मारून घेत. एकाने आम्हांस विचारले, “भाऊ, ज्यानं हे काढलं त्याला काच पुसावी लागते हे ठाऊक नव्हतं का?” आम्ही वाटाघाटीस बसलो. अकरा महिने लागले. शेवटी त्या भागात दोर अडकवण्यासाठी लोखंडी कड्या बसवून मिळाल्या. त्या रस्त्यावरून दिसतात, आणि त्यांनी इमारतीची रेषा बिघडली अशी वास्तुविशारदांची तक्रार होती, असे आमच्या कानावर आले. कड्या अजून तेथेच आहेत.