जवळून फूल टिपताना



फुलांच्या छायाचित्रणावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी पुष्कळ चित्रे बिघडवली आहेत आणि ती का बिघडली हे पुस्तके चाळून व जाणत्यांना विचारून थोडेफार समजून घेतले आहे.

आमच्या युनियनमध्ये एक वयस्क माळीमामा होते. नोकरी सांभाळून घरामागच्या वीतभर जागेत जास्वंदीचे संकर करण्याचा त्यांना नाद. एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचे, बी धरले तर पेरायचे आणि पहिले फूल पाहायला वर्ष-दीड वर्ष थांबायचे. अशा बियांचे प्रत्येक रोप निराळे निघते. एखादे मनासारखे निघाले तर फांदी लावून ते वाढवता येते. पण फांदी जीव धरण्याआधीच मूळ रोप मेले, तर ते फूल पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडायचे नाही. असे एक गर्द लाल, जांभळ्या शिरांचे फूल त्यांच्याकडे उमलले आणि मला निरोप आला. साधारण जास्वंदीचे फूल एका दिवसाचे पाहुणे. मी पोचलो भर दुपारी, नाक लागेल इतका जवळ गेलो आणि दहाबारा चित्रे घेतली. ती पाहून मामा म्हणाले, “भाऊ, फूल लाल आहे एवढं कळतंय. ते मला आधीच ठाऊक होतं.”

पहिली चूक जवळ जाण्याचीच होती. भिंग कोणतेही असो, ते एकाच अंतरावरची वस्तू खरोखर रेखीव दाखवते. त्याच्या पुढेमागे एक पातळ थर असा असतो की त्यातले आपल्या डोळ्याला रेखीवच भासते. दूरचा डोंगर टिपताना हा थर मैलोगणती जाड असतो, म्हणून त्याची आठवणही होत नाही. फुलाजवळ गेले की तो झपाट्याने पातळ होतो. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा पडदा असलेला कॅमेरा घ्या आणि छिद्र ११ आकड्यावर ठेवा. फुलाची पडद्यावरची प्रतिमा मूळच्या पाव आकाराची असेल तर थर सुमारे १३ मिलिमीटर जाड मिळतो. निम्म्या आकाराची झाली की ४ मिलिमीटर. आणि फुलाएवढीच झाली की जेमतेम सव्वा. आता जास्वंदीकडे पाहा. तिचे पुंकेसर एकमेकांना जुळून त्यांची नळी झालेली असते, त्या नळीतून स्त्रीकेसराची दांडी बाहेर येते आणि टोकाला पाच ठिपके असतात. ही दांडी पाकळ्यांच्या मुळापासून दोन-तीन इंच पुढे आलेली. सव्वा मिलिमीटरच्या थरात दोन इंच बसवायला निघालेल्या माणसाला काय म्हणावे!

म्हणून पहिला उपाय मागे सरकण्याचा. फूल चौकटीत लहान दिसेल, तर दिसू द्या. आजच्या कॅमेऱ्यांत बारकावा इतका असतो की भोवतालचा भाग कापून फूल मोठे करता येते. मोठे करताना मिळालेल्या जाडीतली थोडी परत जाते हे खरे, परंतु सगळी जात नाही. छिद्र लहान करणे हा दुसरा उपाय. त्याला मर्यादा आहे. छिद्र फारच बारीक केले तर त्याच्या कडेशी प्रकाश वळतो आणि सबंध चित्रच किंचित मऊ पडते. शिवाय प्रतिमा फुलाएवढी झाली की ११चे छिद्र २२सारखे वागते व प्रकाश चौपट लागतो. तेव्हा ८ ते १६च्या दरम्यान राहावे. तिसरा उपाय फुकटचा आहे आणि तोच लोक विसरतात. दांडी आणि पाकळी दोन्ही हव्या असतील तर समोरून न पाहता बाजूने पाहा, म्हणजे दांडीची सगळी लांबी एकाच थरात आडवी येते. समोरूनच घ्यायचे असेल तर काय रेखीव हवे ते आधी ठरवावे. मामांना शिरा हव्या होत्या. मी दांडीचे टोक टिपत बसलो होतो.

अलीकडे एकच फूल थोड्याथोड्या फरकाच्या अंतरांवर अनेकदा टिपून ती चित्रे संगणकावर जुळवतात. घरातल्या निवाऱ्यात हे उत्तम साधते. अंगणात वारा असतो.

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. देठ सेकंदाला दहा सेंटिमीटर डोलत असेल, तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फूल दोन मिलिमीटर सरकते, म्हणजे शिरांचा पार चिखल. पाचशेव्या भागात मात्र मिलिमीटरचा पाचवा हिस्साच. त्याहून वाईट म्हणजे ते डोलताना थराच्या बाहेर जाते, आणि त्याला कितीही वेग पुरा पडत नाही. शेजारी बांबूची काठी रोवून देठ सुतळीने सैल बांधावा, किंवा एखाद्याला पुठ्ठा धरून उभे करावे. सकाळी आठच्या आत वारा बहुधा पडलेला असतो आणि पाकळ्याही ताज्या असतात.

आता लाल रंगाविषयी. कॅमेऱ्याचा पडदा लाल, हिरवा आणि निळा असे तीन हिस्से वेगवेगळे मोजतो. गर्द लाल फुलावर लाल हिस्सा काठोकाठ भरतो, बाकीचे दोन जवळजवळ रिकामे; तरी एकंदर सरासरी काढून कॅमेरा ‘प्रकाश ठीक’ म्हणतो. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी ओतलेले सांडते, तसा पाकळीवरचा उजेड-सावलीचा फरक सांडून जातो आणि शिरा नाहीशा होतात. त्यावर, कॅमेऱ्याला हवा त्याच्या निम्माच प्रकाश घेऊन पाहावे. पांढऱ्या मोगऱ्यामागे गर्द पाने असली तरी हेच करावे लागते. पानांचा अंधार पाहून कॅमेरा फसतो आणि मोगरा जळतो. ऊन तीव्र असेल तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये जुने पांढरे धोतर धरावे. ढगाळ दिवस सगळ्यांत उत्तम.

फोनने टिपणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. त्याचा पडदा इवलासा म्हणून थर जाड मिळतो, ही सोय आहे. परंतु दोन इंचांवर फोन नेला की पुढची दांडी गदेएवढी आणि मागच्या पाकळ्या बारक्या दिसतात, आणि फोनची सावली पडते ती वेगळीच. फोनला दूरचे दाखवणारे भिंग असेल तर ते लावून हातभर मागे उभे राहावे.

मामांच्या त्या रोपाला पुढे आणखी एक कळी आली. या खेपेला मी सातलाच गेलो. समोरून, बाजूने, मागून हिरव्या दलासकट, आणि पानासह, शेजारी पट्टी ठेवून, अशी चाळीस चित्रे घेतली. त्यांतली चार धड निघाली. शिरा मोजता येत होत्या. पण कागदावर छापून आणले तेव्हा लालाचा नारिंगी झाला होता आणि मामांनी ते परत माझ्या हातात दिले. तेव्हापासून मी पहिल्या चित्रात फुलाशेजारी त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद धरतो आणि छापणाऱ्याला सांगतो, की हा कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवा, फुलाकडे पाहू नका.