रामपुरी : चाकूच्या मागे राहिलेले गाव

उत्तर प्रदेशातले रामपूर आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. पण 'रामपुरी' म्हणजे काय, हे सहावीतल्या मुलालाही ठाऊक असते. पोलिसांच्या बातमीत, सिनेमात, गल्लीतल्या बढाईत हा शब्द इतका रुळला आहे की पुढे 'चाकू' म्हणायचीही गरज पडत नाही. पैठणीने पैठणचे नाव मोठे केले, चपलेने कोल्हापूरचे. रामपूरच्या वाट्याला मात्र उलटे आले. गावाचे नाव घेतले की लोक आधी दचकतात.

गावाच्या नावाची अशी गत होणे म्हणजे काय, हे आम्हा उल्हासनगरकरांना वेगळे सांगायला नको. कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. लोकांनी राबून बाजार उभा केला आणि जगाने त्याची 'मेड इन यूएसए' म्हणून चेष्टा केली. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आजही बाहेरगावी कॅम्प चारचा पत्ता सांगितला की समोरचा हळूच विचारतो, "माल असली ना, मास्तर?"

त्याच १९४९ साली रामपूरचे नवाबी संस्थान भारतात विलीन झाले. १७७४ मध्ये नवाब फैजुल्लाह खान यांनी वसवलेले हे रोहिल्ला पठाणांचे राज्य. मिर्झा गालिब यांना उतारवयात दरमहा शंभर रुपये पोहोचत ते याच दरबारातून. नवाब युसूफ अली खान हे शायरीत त्यांचे शागीर्द होते. मौलाना मोहम्मद अली जौहर यांचा जन्म १८७८ मध्ये इथलाच. रजा लायब्ररीतल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांसाठी आजही दूरदूरचे अभ्यासक रामपूरला येतात. हजरत अली (रजि.) यांच्या हाताचे मानले जाणारे, चर्मपत्रावरचे कुरआनचे हस्तलिखित तिथे जपलेले आहे.

ज्या गावात इतकी लिखापढी होती, तिथे चांगला चाकूही हवाच होता. आज ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण बॉलपेनने लिहितो. बोरूने लिहिणाऱ्याला दर थोड्या वेळाने टोक तासावे लागे. त्यासाठीच्या छोट्या चाकूला उर्दूत नावच आहे, कलमतराश. टोक तिरपे कापले नाही तर नस्तालीकची वळणे जाड-बारीक येत नाहीत. म्हणून खुशनवीस आपला कलमतराश दुसऱ्याच्या हाती सहसा देत नसत. रामपुरी हा कलमतराश नव्हे, त्याचा अंगापिंडाने मोठा भाऊ म्हणा. पण पाते मुठीत मिटवून ठेवायची युक्ती काही कलमतराशांतही असे.

गेली बारा-तेरा वर्षे मी असे जुने मिटणारे चाकू जमवतो. फार नाहीत, अकरा आहेत. काही कल्याण-उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडून घेतले, काही मुंबईच्या चोर बाजारात जुम्माच्या सकाळी. शिक्षकाने चाकू जमवावेत हे अनेकांना खटकते. घरातही सुरुवातीला खटकले होते. मी एवढेच सांगतो की पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते पाहा. दिनकर केळकरांनी सात वर्षांच्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने तो संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये सरकारला दिला. अडकित्ता तरी काय, एका खिळ्यावर फिरणारे पातेच. त्यावर मोर, घोडे, माणसे घडवणाऱ्या कारागिराचे आपण कौतुक करतो. चाकू घडवणाराही तसाच कारागीर. त्याचे नशीब तेवढे वेगळे निघाले.

चांगला रामपुरी हातात घेतल्यावर आधी पात्याची धार बघू नये, मूठ बघावी. पितळेची, शिंगाची किंवा लाकडाची मूठ, तिच्या पाठीत बसवलेली पोलादी कमानी, पाते फिरते तो खिळा आणि पाते अडकवून ठेवणारा खटका. सारी करामत या चार गोष्टींत आहे. कमानी फार कडक झाली तर चाकू उघडत नाही आणि ढिली राहिली तर पाते बोटावर मिटते. खिळा ठोकताना एक घाव जास्त पडला तर पाते आवळते, कमी पडला तर खुळखुळते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. मुलगा बापाच्या शेजारी वर्षानुवर्षे बसतो तेव्हा येतो. माझ्याकडच्या एका चाकूचे पाते आज इतक्या वर्षांनीही उघडल्यावर केसभर हलत नाही. दुसरा एक 'फार पुराना' म्हणून मला विकला गेला. त्याचा गंज वरवरचा वाटतो आणि खिळा नवा कोरा आहे. तो आमच्याच गावचा असावा, असा घरच्यांचा अंदाज आहे.

मग हा कारागिरीचा नमुना गुंडाचा कसा झाला? पिस्तुले सहज मिळू लागण्यापूर्वीच्या मुंबईत खिशात मावणारा आणि एका हाताने उघडणारा चाकू मवाल्यांना सोयीचा होता, हे खरेच आहे. उरलेले काम सिनेमाने केले. यश चोप्रांच्या 'वक्त' (१९६५) मध्ये राजकुमार चाकूबद्दल मदन पुरीला जे सुनावतो, ते लोक अजून बोलून दाखवतात. ते संवाद लिहिणारे अख्तर-उल-ईमान हे उर्दूतले मोठे शायर, साहित्य अकादमीचे मानकरी, आणि जन्माने नजीबाबादकडचे, म्हणजे त्याच रोहिलखंडातले. तो संवाद खरे तर चाकू खाली ठेवायला सांगणारा आहे. पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या सिनेमांनी त्यातला फक्त चाकू उचलला. खलनायकाने खटका दाबायचा, पात्यावर उजेड चमकायचा. ज्याने ते पाते घासून आरशासारखे केले, तो पडद्यावर कधी आला नाही.

१९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याचे रामपुरी बनवण्यास बंदी घातली. नऊ-दहा इंची पाते घडवण्यात हयात गेलेल्या उस्तादाला साडेचार इंचांत काय दाखवता येणार? त्यातच यंत्रावर निघालेला स्वस्त माल बाजारात आला आणि अनेक घरांनी हा धंदा सोडला. मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले. तीही पिढ्यानपिढ्या मुस्लिम कारागिरांनीच जपलेली. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फुटांचा धातूचा चाकू उभारला गेला. लोक तिथे फोटो काढतात. चाकूचा पुतळा झाला याचा आनंद मानावा की नाही, हे मला ठरवता आलेले नाही.

स्पेनमध्ये अल्बासेते नावाचे शहर आहे. हे नाव अरबी 'अल-बसीत'वरून आले, म्हणजे सपाट मैदान. तिथला 'नवाखा' नावाचा लांब मिटणारा चाकू एके काळी असाच बदनाम होता आणि त्यावरही बंधने आली. आज त्या शहरात चाकू घडवण्याच्या कलेचे वेगळे संग्रहालय आहे आणि पुतळा उभारला आहे तो चाकू विकणाऱ्या माणसाचा. हा फरक मला मोठा वाटतो.

आता कायद्याकडे येतो, कारण घरात मरहूम आजोबांच्या पेटीत एखादा रामपुरी सापडला तर काय करावे, असे मला बरेच जण विचारतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत मोडतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणून बकरी ईदची सुरी वेगळी आणि रामपुरी वेगळा. तिसावाली पट्टी घ्या आणि पाते मोजा. नऊ इंच म्हणजे जवळजवळ २३ सेंटीमीटर. एकदा एका भंगारवाल्याने मला साडेदहा इंची, शिंगाच्या मुठीचा, फार देखणा नग दाखवला होता. मी मोजला आणि परत दिला. रात्री जेवतानाही तोच डोळ्यांपुढे होता, पण दिला.

पाते आखूड आहे म्हणून चाकू खिशात घालून फिरायचे, असाही अर्थ काढू नये. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. तेव्हा हत्यार जवळ बाळगून फिरणे हाच गुन्हा ठरतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ठाणे आयुक्तालयात येत असल्याने तिथले आदेश आपल्याला लागू असतात. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने खटक्याच्या चाकूची मर्यादा फक्त ७.६२ सेंटीमीटरवर आणली आहे. तेव्हा प्रवासात, लग्नकार्याला, उरुसाला जाताना असली वस्तू बरोबर नकोच.

मुलांबद्दल थोडे कडक बोलतो. आठवी-नववीची मुले मोबाइलवर चाकू हातात घेऊन, मागे गाणे लावून चित्रफीत टाकतात. त्यांना ती गंमत वाटते. अशा चित्रफितींवरून पोलिसांनी मुले उचलल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आपल्या मुलाच्या बाबतीत 'पोरखेळ होता' हे किती जण ऐकून घेतील, याचा हिशेब प्रत्येक आईबापाने स्वतःच्या मनाशी करावा. माझे चाकू कुलूपबंद असतात आणि त्यांचा फोटो घरातल्या कोणाच्याही स्टेटसवर जात नाही.

मात्र कुलूप लावले म्हणजे मुलांना काहीच दाखवायचे नाही, असे नाही. माझ्या मुलीला मी प्रत्येक चाकू दाखवला आहे. हुजूर (सल्ल.) यांनी नागवी तलवार दुसऱ्याच्या हाती देण्यास मनाई केल्याची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. आमच्या घरात स्वयंपाकाची सुरीसुद्धा पाते आपल्याकडे धरूनच दिली जाते आणि मिटणारा चाकू मिटूनच. बाजारातून किंवा मशिदीतून बाण नेताना टोके हाताने धरावीत म्हणजे कोणाला इजा होणार नाही, ही हदीसही मी तिला याच निमित्ताने सांगितली.

जपणुकीचे म्हणाल तर खिळ्यात खोबरेल घालू नका, ते कालांतराने चिकट होते. शिलाई मशीनचे तेल दोन थेंब पुरे. पितळेची मूठ चिंचेने लखलखीत करण्याचा मोह आवरा, कारण त्या घासण्यात ठसे जातात. माझ्याकडच्या एका पात्याच्या बुडाशी उर्दूत काही कोरलेले आहे. भिंगाखाली 'रामपूर' एवढे स्पष्ट वाचता येते. त्याआधी एक नाव होते. कोणीतरी हौसेने पॉलिश करताना ते जवळजवळ पुसून टाकले आहे. सुरुवातीचा मीम दिसतो, पुढे बहुधा 'हे' किंवा 'जीम'. उन्हात तिरपे धरून मी आणि मुलीने पुष्कळ प्रयत्न केला. ती म्हणते 'महमूद', मला 'मजीद' वाटते.